समुद्राचा नकाशा कोरा ठेवून किनाऱ्याचा आराखडा होत नाही

प्रश्न असा आला आहे: ‘मी नगररचनेची पदवी घेऊन नुकतीच एका किनारी आराखड्याच्या कामावर रुजू झाले आहे. उष्णकटिबंधातल्या देशाने आपला किनारा आणि समुद्र पुढच्या पिढ्यांनाही पुरेल असा वापरायचा, तर नियोजनाची सुरुवात कुठून करावी? वाचायला मिळतं ते बहुतेक थंड देशांतलं आहे. मुंबईच्या उदाहरणाने समजावून सांगाल का?’

आधी थेट उत्तर देतो. सुरुवात समुद्राच्या नकाशापासून करा. आपल्याकडचा कुठलाही किनारी आराखडा उघडून बघा. जमिनीचा गुंठा न् गुंठा रंगवलेला असतो. निवासी भाग, औद्योगिक भाग, ना-विकास क्षेत्र, उद्यान, सगळं असतं. भरतीरेषा ओलांडली की मात्र एकसारखा निळा रंग. त्या निळ्यात कुणाची जाळी कुठे लागतात, कुठल्या महिन्यात कुठला मासा किनाऱ्याजवळ येतो, कुठल्या खडकावर कोण कालवं काढतं, यातलं काहीच नसतं. मग पूल, बंदर, सांडपाण्याची वाहिनी, भराव हे सगळं त्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेवर आखलं जातं आणि तिथे पिढ्यान् पिढ्या काम करणारा माणूस ‘प्रकल्पबाधित’ म्हणून शेवटी यादीत येतो. कितीतरी आराखडे मला याच जागी फसलेले दिसले आहेत. जागा कुणाच्या वापरात आहे हे आधी ठरलं, की कुणी किती सोडायचं याची बोलणी करता येतात. ते न ठरवता केलेलं नियोजन पुढे कोर्टात जातं.

कायदा याच्या आड येत नाही, हे लक्षात ठेवा. किनारी नियमन क्षेत्राची अधिसूचना पहिल्यांदा १९९१ साली आली, मग २०११ची, आता २०१९ची. अलीकडच्या दोन्ही अधिसूचनांत ओहोटीरेषेपासून १२ सागरी मैलांपर्यंतचं पाणी आणि तळ या क्षेत्रात धरला आहे. मासेमारीचे पट्टे आणि माशांच्या विणीच्या जागा नकाशावर दाखवाव्यात, मच्छीमारांच्या सामायिक जागा, जेट्या, बर्फाचे कारखाने, मासळी सुकवायच्या जागा मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर नोंदवाव्यात, असंही त्यात आहे. तरी मुंबईच्या किनारी आराखड्याच्या मसुद्यावर सुनावण्या झाल्या तेव्हा कोळीवाड्यांच्या हद्दी आणि सुकवणीच्या जागा नीट दाखवलेल्या नाहीत, हाच आक्षेप पुन्हा पुन्हा आला. जागा तिथे आहेत, त्या नोंदवायचं काम झालेलं नाही. तुमच्या हातात हा आराखडा आला आहे, तर हे काम तुमचं समजा.

आता थंड देशांतल्या पुस्तकांविषयी. तिकडे एका जाळ्यात बहुतांशी एकाच जातीचा मासा येतो, म्हणून जातीनिहाय साठा मोजून ‘यंदा इतके टन’ अशी वाटणी करता येते. आपल्याकडे ससून डॉकला पहाटे एका ट्रॉलरची मासळी उतरताना बघा. एका ढिगात मांदेली, बोंबील, कोलंबी, माकूल, ढोमा, बळा, खेकडे, आणि खाली बारीक पिल्लांचा थर. यातल्या प्रत्येक जातीला कोटा लावायचा म्हटलं तर पहिल्याच जातीचा कोटा संपला की बोट बंद ठेवावी लागेल, नाहीतर तो मासा मेलेला परत समुद्रात टाकावा लागेल. शिवाय आपल्याकडच्या पुष्कळ जाती वर्षातून एकदा ठरल्या वेळी विणत नाहीत, त्यांची वीण लांबत राहते. म्हणून उष्णकटिबंधात हाताशी राहतात ती चारच साधनं: किती बोटी, कुठलं जाळं, कुठली जागा आणि कुठला काळ. टनांचं गणित नंतर.

जाळ्याचंच बघा, कारण तिथे थोड्या खर्चात बरंच साधतं. ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढायच्या जाळ्याच्या, शेवटी जी थैली असते, खोला म्हणतात तिला, तिच्यात मासा साठतो. साध्या विणीच्या खोल्याचे आस, म्हणजे जाळ्याची भोकं, शंकरपाळ्याच्या आकाराचे असतात. बोट ओढायला लागली की ताण पडून ते आवळतात, जवळजवळ मिटतात, आणि कागदावर मोठा दिसणारा आस पाण्यात पिल्लूही सोडत नाही. तेच जाळं आस चौकोनी राहतील असं लावलं, तर ताणाखालीही भोक उघडं राहतं आणि लहान मासा निसटतो. राज्यात ट्रॉलच्या खोल्याला ४० मिमी चौकोनी आसाचा नियम आहे आणि तो शास्त्राला धरून आहे. अडचण आहे ती अंमलबजावणीची. खोल्याच्या आत दुसरी बारीक जाळी शिवली की नियम संपला. तपासणी बंदरात, जाळं जमिनीवर पसरून, हात घालून करावी लागते. मापपट्टी घेतलेला एक प्रशिक्षित माणूस आणि मच्छीमार सोसायटीचा एक पंच सोबत असला की हे काम होतं.

पण हाच नियम उचलून डोलीला लावायला जाल तर घोटाळा होईल. डोल ही पिशवीसारखी जाळी, प्रवाहाच्या तोंडावर बांधून ठेवायची. भरती-ओहोटीच्या ओढीने मासा आत येतो, पाणी थांबलं की जाळं उचलायचं. वर्सोवा, मढ, गोराई, उत्तन, अर्नाळा या सगळ्या पट्ट्यातला बोंबील आणि जवळा मुख्यतः डोलीतून येतो. जवळा पूर्ण वाढला तरी बोटाच्या पेरापेक्षा फारसा मोठा होत नाही. डोलीचा आस मोठा करा म्हणणं म्हणजे जवळ्याची मासेमारी बंद करा म्हणणं. मात्र त्याच डोलीत काही महिन्यांत पापलेटची पिल्लंही सापडतात आणि त्यावरून सातपाटीकडच्या पापलेटवाल्यांची तक्रार खरी आहे. इथे आस बदलून भागणार नाही, काळ आणि जागा ठरवावी लागेल. पिल्लं ज्या आठवड्यांत ज्या खोलीवर दिसतात, तेवढ्यापुरत्या तिथल्या डोली उचलायच्या. हे ठरवायची माहिती कुठल्याही उपग्रहाकडे नाही, ती बोट चालवणाऱ्या तांडेलांकडे आहे. २०२३ साली राज्याने ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी जाहीर केली आणि त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला. दोन्ही निर्णय चांगले आहेत. त्यांना बळ द्यायचं तर अशा आठवड्यांचा आणि जागांचा नकाशा लागतो.

म्हणून तुमचं पहिलं काम डोलींच्या जागा नोंदवण्याचं. डोल बांधायचे खुंट किंवा नांगर समुद्राच्या तळाशी ठरावीक जागी असतात. उत्तन-वसईकडे त्या जागेला कव म्हणतात. कव ही कुणीही कुठेही मारावी अशी गोष्ट नाही. ती कुणाची, कुठल्या गावाची, हे बापजाद्यांपासून ठरलेलं असतं, आणि वाद झाला तर आधी गावातल्या जमातीपुढे, म्हणजे मच्छीमारांच्या गावसभेपुढे, जातो. वसई-उत्तनच्या आणि पालघर-डहाणूच्या मच्छीमारांमध्ये कवींच्या हद्दीवरून जुना वाद आहे, तो अजून पुरता मिटलेला नाही. म्हणजे ज्याला आपण मोकळा समुद्र म्हणतो तिथे हद्दी आहेत, हक्क आहेत, तंटे आहेत. नगररचनेच्या माणसाला हे चटकन कळायला हवं. हा सात-बारा आहे, फक्त तो कागदावर नाही.

नोंद कशी करायची ते जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच सर्वेक्षणं पोकळ होतात. सोसायटीच्या ऑफिसात चेअरमनना भेटून प्रश्नावली भरून आणली की नकाशा होत नाही. तांडेलाबरोबर बोटीवर जावं लागतं. आता बहुतेक बोटींवर जीपीएस असतो, त्यामुळे जागा टिपणं सोपं झालंय. पण नुसता बिंदू टिपून उपयोग नाही. प्रत्येक जागेला विचारा: किती वाव (वाव म्हणजे साधारण सहा फूट) पाणी, तळ चिखलाचा की खडकाळ, ओढ कुठल्या दिशेची, उधाणाच्या मोठ्या भरतीलाच लागते की भांगाच्या लहान भरतीलाही चालते, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत, आणि शेजारची जागा कुणाची. ही माहिती हाती आली की एक गोष्ट स्पष्ट होते. प्रकल्पवाले सहज म्हणतात की मच्छीमारांनी दोन किलोमीटर पलीकडे जाळी लावावीत. पलीकडे पाण्याची ओढ वेगळी असते, तळ वेगळा असतो आणि ती जागा आधीच दुसऱ्या गावाची असते. एक जागा गेली की एका गावाचं भांडण दुसऱ्या गावाशी लागतं. हे नकाशावर आधी दिसलं तर प्रकल्पाची रेषा हलवता येते. नंतर दिसलं तर हलवायची किंमत फार पडते.

वरळीचं उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचं आहे. किनारी रस्ता सागरी सेतूला जोडताना वरळी कोळीवाड्याच्या क्लीव्हलँड बंदरासमोर खांब आले. दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर ठेवलं होतं. मच्छीमारांचं म्हणणं होतं की वाऱ्यात आणि ओढीत एवढ्या फटीतून बोट काढणं धोक्याचं आहे, तिथे खडकही आहेत. बराच काळ आंदोलन चाललं, समुद्रातलं काम अडलं, आणि अखेर मधला एक खांब वगळून अंतर १२० मीटर करायचं ठरलं. बंदरातून बोटी कुठल्या वाटेने बाहेर पडतात, किती रुंद वाट लागते, पावसाळ्याच्या तोंडावर वारा कुठून येतो, हे आराखडा काढायच्या आधी एका सकाळी बोटीत बसून समजलं असतं. त्याच रस्त्याच्या परवानग्या मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१९मध्ये रद्द केल्या होत्या, सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्या निकालाला स्थगिती दिली. एवढ्या मोठ्या कामाला जो वेळ कोर्टात लागला, त्याचा एक छोटा हिस्सा जरी समुद्राच्या नकाशावर खर्च झाला असता तर शहराचं भलं झालं असतं, असं मला मनापासून वाटतं.

बोट नसलेल्यांना नकाशावर आणणं हे दुसरं काम, आणि मला हे पहिल्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. मुंबईची उधाणाची भरती पाच मीटरच्या आसपास जाते. म्हणजे ओहोटीला रुंद पट्टा उघडा पडतो. या पट्ट्यात पाटी आणि कोयती घेऊन बायका उतरतात. तिसऱ्या, खुबे, कालवं, चिंबोऱ्या, खाडीच्या चिखलात निवट्या. यांची मासळी कुठल्याही बंदराच्या आकड्यात येत नाही, कारण ती बोटीतून उतरत नाही. सर्वेक्षणात ‘बोटीचा मालक कोण’ हा पहिला प्रश्न असला की ही बाई तिथेच गळते. मग भरपाई वाटायची वेळ येते तेव्हा नाखव्याला, म्हणजे बोटीच्या मालकाला, मिळते, खलाशाला थोडी मिळते, आणि जिचा खडक भरावाखाली गेला तिचं नाव कुठेच नसतं. सुकवणीचंही तसंच. वर्सोव्याला, मढला, उत्तनला बांबूच्या वलांड्यांवर बोंबील टांगलेले दिसतात. मीठ न लावता नुसत्या उन्हावाऱ्यावर सुकवायचे, तर मोकळी आणि वारा लागणारी जागा हवी. ती जागा जमिनीच्या नकाशावर ‘रिकामा भूखंड’ दिसते. पावसाळ्यात तर खरंच रिकामी असते. तुम्ही सर्वेक्षण जुलैमध्ये केलंत तर तुम्हालाही ती रिकामीच दिसेल. ऑक्टोबर ते मे या काळात एकदा जा, आणि ओहोटीची वेळ बघून जा.

तिसरी गोष्ट म्हणजे जमिनीवरून समुद्रात जे जातं ते. मासेमारीच्या आराखड्यात सांडपाण्याचं प्रकरण नसतं, कारण ते खातं वेगळं. पण मासळीसाठी दोन्ही एकच पाणी आहे. मुंबईचं सांडपाणी सात विभागांत जमतं: कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, भांडुप, घाटकोपर. वरळी आणि वांद्र्याहून साडेतीन किलोमीटरच्या आसपास लांब वाहिन्या समुद्रात सोडल्या आहेत, बाकीचं बहुतेक खाड्यांकडे जातं. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर इथे सात नवी शुद्धीकरण केंद्रं बांधायचं काम सुरू आहे, एकत्रित क्षमता रोज २,४६४ दशलक्ष लिटर. माझ्या मते मुंबईच्या मासेमारीसाठी गेल्या कित्येक वर्षांतली ही सगळ्यांत मोठी योजना आहे, जरी तिच्यात मासा हा शब्द नसला तरी. तुमच्या आराखड्यात हे धरा: केंद्र कधी सुरू होणार, पाणी कुठल्या दर्जाचं सुटणार, आणि नाल्यांतून गटारवाहिनीला न मिळता थेट खाडीत जाणारं पाणी किती.

ठाण्याची खाडी या बाबतीत नीट समजून घ्यायला हवी. २०१५ साली तिथे फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ साली जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव आलं, आणि दोन्ही गोष्टींचा मला आनंद आहे. पण तिथली कांदळवनं काही भागांत पसरली ती गाळ साचून खाडी उथळ झाल्यामुळे. चिखल वर येतो, त्यावर तिवर रुजते. उपग्रहाच्या चित्रात हिरवा रंग वाढलेला दिसतो आणि अहवालात ती प्रगती म्हणून जाते. ऐरोली, भांडुप, तुर्भ्याकडचे जुने मच्छीमार त्याच काळाबद्दल सांगतात की बोट घालायचं पाणी गेलं आणि मासा गेला. म्हणून एकट्या कांदळवनाच्या क्षेत्रफळावर खाडीची तब्येत ठरवू नका. खोली, पाण्यातला प्राणवायू, चिखलातले जीव आणि हाती येणारा मासा, हे सगळं बरोबरीने मोजा.

याचा अर्थ कांदळवन तोडायला हरकत नाही असा कुणी काढू नये. २०२१च्या वन सर्वेक्षण अहवालात राज्यात ३२४ चौरस किलोमीटर कांदळवन नोंदलं आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५मध्ये तोड थांबवायचे अंतरिम आदेश दिले आणि सप्टेंबर २०१८च्या निकालात राज्यभर बंदी कायम केली, कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टा राखायला सांगितलं. २०१२मध्ये वनखात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. कोळंबी आणि कितीतरी मासे लहानपणी या मुळांत आसरा घेतात. कांदळवन कक्षाचं एक काम मला आदर्श वाटतं: जाळ्यात कासव, बहिरी मुशी (व्हेल शार्क), डॉल्फिन असा संरक्षित प्राणी अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून तो सोडला, तर जाळ्याची भरपाई २५,००० रुपयांपर्यंत मिळते. आधी कासव सोडायचं म्हणजे स्वतःच्या खिशातून जाळं द्यायचं. आता सोडणारा स्वतःहून फोटो काढून कळवतो. संवर्धनाचा खर्च ज्याच्या माथी पडतो त्याला तो भरून द्यायचा, हे साधं तत्त्व आहे. आराखड्यातल्या प्रत्येक निर्बंधापुढे लिहा: याचा खर्च कुणाच्या घरात पडतो आणि तो कोण भरणार.

उलट उदाहरण मालवणचं. १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटरचं. प्रवाळ आहेत, जागा मोलाची आहे, निवड चुकलेली नव्हती. पण तिथल्या मच्छीमारांशी आधी बोलणं झालं नाही, आणि त्यांचा विरोध आजतागायत टिकून आहे. फिलिपिन्समध्ये याच्या उलट क्रम लागला. तिथे १९९१च्या कायद्याने किनाऱ्यापासून १५ किलोमीटरपर्यंतचं पाणी स्थानिक नगरपालिकांच्या ताब्यात दिलं. अपो बेटावर तर त्याआधीच, १९८०च्या दशकात, गावकऱ्यांनी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांच्या मदतीने प्रवाळाचा एक छोटा तुकडा मासेमारीसाठी बंद केला. राखणही त्यांनीच केली. श्रीलंकेने १९८१ साली किनारा संवर्धनाचा कायदा केला, त्यात जमिनीवर ३०० मीटर आणि समुद्रात २ किलोमीटर असा एकच पट्टा धरला, म्हणजे जमीन आणि पाणी एकाच खात्याच्या नजरेखाली आलं. दोन्ही देश आपल्यासारखेच गर्दीचे, उष्ण आणि मासळी खाणारे आहेत. पुस्तकं वाचायची तर तिथली वाचा.

आपल्याकडे खात्यांची फाटाफूट आहे. १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचा मत्स्यविभाग, पुढे २०० मैलांपर्यंत केंद्र. कांदळवन वनखात्याकडे, बंदरं सागरी मंडळाकडे किंवा केंद्राकडे, सांडपाणी महापालिकेकडे, तेलविहिरी आणखी कुणाकडे. मासा यातली एकही हद्द पाळत नाही. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटरवरची आंग्रिया बँक ही प्रवाळांची मोठी जागा राज्याच्या पाण्याबाहेर पडते, म्हणून राज्याने ठरवलं तरी एकट्याने काही करता येत नाही. सगळी खाती एका छताखाली आणायचा प्रस्ताव मांडण्यात वेळ घालवू नका, त्याला पिढी जाईल. त्याऐवजी एकच नकाशा सगळ्यांना बंधनकारक करा. कुठल्याही खात्याने समुद्रात काही करायचं तर त्या नकाशावर आधी टाकून दाखवायचं. एवढं झालं तरी अर्धे तंटे सुरू होण्याआधी कळतील.

अंमलबजावणीबद्दल थोडक्यात. समुद्रात गस्त घालून सगळं पकडता येत नाही. जानेवारी २०२५पासून राज्याने ड्रोनची नजर ठेवायला सुरुवात केली आहे, ती चांगली आहे. पण खरी पकड बंदरात असते: परवाना, डिझेलचा परतावा, बर्फ, लिलाव. बेकायदा जाळं सापडलं की डिझेल परतावा थांबला, हे एकदा ठाम झालं की दंडाच्या पावतीपेक्षा ते जास्त लागू पडतं. पर्ससीनवर, म्हणजे थव्याभोवती टाकून खालून आवळायच्या मोठ्या जाळ्यावर, २०१६च्या आदेशाने हंगामाची आणि क्षेत्राची बंधनं आली, एलईडीच्या दिव्यांनी मासेमारीला बंदी झाली. हे नियम पाळणाऱ्या छोट्या मच्छीमाराला रात्री क्षितिजावर दिवे दिसले की त्याचा सगळ्याच नियमांवरचा विश्वास उडतो. म्हणून थोडे नियम करा आणि ते बड्या बोटींवर आधी लावा.

आकडे वाचताना सांभाळा. २०१९ साली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे राज्यात २.०१ लाख टन मासळी उतरली, ४५ वर्षांतली सगळ्यांत कमी. आदल्या वर्षी ती २.९५ लाख टन होती. बातम्या आल्या की समुद्र रिकामा झाला. पण त्या वर्षी अरबी समुद्रात एकामागून एक वादळं आली, बोटी कितीतरी दिवस बंदरातच होत्या. मासळी कमी झाली आहेच, ती कमी होण्याचा कल खरा आहे, पण तो एका वर्षाच्या एकूण टनांत बघू नये. एका बोटीला एका फेरीत किती आणि किती मोठा मासा मिळाला, हे बघा. टनांचा आकडा बोटी वाढवूनही वाढतो.

मोठ्या प्रकल्पांचा प्रश्न टाळून आराखडा लिहिता येणार नाही. वाढवणला डहाणूजवळ बंदर होणार आहे. जून २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, त्यात सुमारे १,४४८ हेक्टर समुद्रात भराव आहे. १९९८ साली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष असताना, तिथलं बंदर नाकारलं होतं. २०२३ साली त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली. माझं मत विचाराल तर विणीच्या आणि डोलींच्या इतक्या समृद्ध पट्ट्यात एवढा भराव घालू नये. पण आराखडा लिहिणाऱ्याचं काम मताच्या पुढे जातं. त्याने हे मांडलं पाहिजे की किनाऱ्यावर आधी काय काय गेलंय: जहाजांचे मार्ग, मुंबई हायच्या तेलफलाटांभोवतीचे बंद पट्टे, वाहिन्या, तेल शोधण्यासाठीची भूकंपीय सर्वेक्षणं. या सर्वेक्षणांना शांत समुद्र लागतो आणि मासेमारीलाही तोच काळ लागतो, म्हणून दरवर्षी खटका उडतो. ऑगस्ट २०१०मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन जहाजं धडकली, तेल सांडलं, कांदळवनं काळी झाली आणि मासळी कुणी घेईना. प्रत्येक प्रकल्प स्वतंत्रपणे तपासला की प्रत्येक जण ‘परिणाम नगण्य’ असं लिहितो. सगळे एका नकाशावर ठेवले की उरलेला समुद्र किती अरुंद झाला ते दिसतं, आणि हे दाखवणारा कागद माझ्या माहितीत कुठल्याच खात्याकडे नाही. तो तुम्ही तयार करा.

शेवटी वेळापत्रक, कारण त्यावर बरंच अवलंबून आहे. नोंदणीचं काम ऑक्टोबरमध्ये सुरू करा आणि मेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे डोल, सुकवण आणि ओहोटीची वेचणी तिन्ही बघायला मिळतील. मसुदा मराठीत काढा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात, माणसं घरी जाळी विणत बसलेली असतात. सुनावण्या त्या दोन महिन्यांत, कोळीवाड्यांतच घ्या. बाजाराच्या वेळा बघून बायकांची बैठक वेगळी ठेवा, नाहीतर त्या येणार नाहीत. बहुतेक गावं अजून नारळी पौर्णिमेनंतरच समुद्रात उतरणं योग्य मानतात आणि ती बहुधा ऑगस्टमध्ये येते, म्हणजे विणीला सरकारी बंदीपेक्षा काही दिवस जास्त मिळतात. तो रिवाज आराखड्यात गावाच्या संमतीने लिहून घ्यायचा असेल तर विचारायची वेळही हीच. नकाशाची मोठी प्रत सोसायटीच्या भिंतीवर लावा आणि बाजूला पेन्सिल ठेवा. पहिल्या आठवड्यात तुमच्या निम्म्या रेषा खोडल्या जातील. त्या खोडून झाल्यावर जो नकाशा राहील त्यावर सोसायटीची सही घ्या आणि मगच तो महाराष्ट्र किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे पाठवा.